भिंतीचं कपाळ

सोमवार, ८ फेब्रुवारी १९८२

टिकल्या आणल्या. महालच्या बाजारातून. बारा पाकिटं लाल, बारा काळी. दुकानदार माह्या कपाळाकडं पाहून राहिला. विधवा बाई अन् चोवीस पाकिटं! म्हणे, आजी, कोणाच्या कपाळाले? म्हटलं, भिंतीच्या. तुह्या कपाळाले पाहिजे असन तं एक फुकट लावते.

छोट्या डॉक्टरनं मागवल्या. कृष्णकांत नाव. पुण्याचा आहे, बोलते असा की पुस्तक वाचून राहिला. त्याले मोठ्या परीक्षेसाठी एक अभ्यास लिहायचा आहे. ज्या बायायनं जीव द्याले पाहिला अन् आमच्या दवाखान्यात आल्या, त्यायचा. भिंतीवर कागद लावून त्याच्यावर टाचण्या खोचतो म्हणत होता. मी म्हटलं, टाचण्या वार्डात आणू नका, एखादी गिळून घेईन. मग काय लावू? म्हटलं, टिकल्या लावा. तो हसला. मग थांबला. म्हणाला, "तुळसाबाई, तुम्हाला डोकं आहे." चौदा वर्षं या दवाखान्यात आया आहे मी, डॉक्टरनं 'तुम्ही' म्हणाची ही पहिली खेप. घरी येऊन सुनेले दोनदा सांगतलं. तिसऱ्यांदा सांगाले लागली तं ती पाणी भराले निघून गेली.

हे लिहून काहून राहिली? प्रौढांच्या वर्गाच्या मास्तरनं बजावलं होतं — वर तारीख टाका, खाली चार ओळी लिहा, रोज, नाही तं अक्षर पळून जाईन. नातीची अर्धी वही आहे. वाचाले कोणी नाही. सुनेले येत नाही, पोराले वेळ नाही.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

कागद लावला. बारीक चौकोनाचे आठ कागद, मैद्याची खळ शिजवून मी चिकटवले, ड्युटीच्या खोलीत. आडवे महिने, तीन वर्षांचे. उभं वय — खाली पंधरा-सोळाच्या पोट्ट्या, वर माह्यासारख्या. एक बाई दवाखान्यात आली की एक टिकली. जाणून केलं ती लाल. चुकून झालं ती काळी. जी मेली तिच्या टिकलीभोवती पेनानं गोल.

मी म्हटलं, रजिस्टरात सारं लिहिलं आहे, मग भिंत कायले खराब करता? म्हणाला, रजिस्टरात एका वेळी एक बाई दिसते. भिंतीवर सगळ्या एकदम दिसतील. मग कोणावर जास्त नजर ठेवायची ते कळेल.

नजर तं आताही ठेवतो. लाल असली की खाट दारासमोर, डॉक्टर रोज बसून बोलते, घरच्यायले बोलावणं धाडते. काळी असली की पोट धुवा, सलाइन लावा, चार दिवसांत घरी. चुकून झालं त्याले काय विचारायचं!

गुरुवार, ११ फेब्रुवारी

तो रजिस्टर वाचते, मी टिकली लावते. एकशे बारा झाल्या. एकेचाळीस लाल, एकाहत्तर काळ्या. बोटाले खळ लागून लागून कातडं आवळलं. पण भिंत काय दिसते! दुरून पाहिलं तं रांगोळी.

काळ्या जास्त निघणार, हे मले माहीतच होतं. अर्ध्याच्या वर माह्या आहेत.

येथं लिहिते, कोणाले सांगत नाही. जीव द्याले पाहणं गुन्हा आहे. पोलिसाचा कागद होते, शिपाई घरी येते, सारी गल्ली दारात जमते. पोरगी वाचली तरी अब्रूनं जाते. म्हणून टांग्यातून, रिक्षातून बाई उतरली की मी पहिले तिच्या माणसापाशी जाते. डॉक्टरच्या अगोदर. कानात सांगते — चुकून म्हणा. खोकल्याची बाटली समजून प्यायली. स्टोव्ह भडकला. पाय घसरला. जशी बाई तसं सांगते. माणसं पाया पडतात. मौदा, उमरेडपर्यंत माहीत झालं आहे, नागपूरले नेलं तं तुळसाबाईले आधी भेटा. आमच्या कांताबाई सिस्टर मले चुकूनबाई म्हणतात. चुकूनबाई, चहा आणा. चुकूनबाई, सोळा नंबरचं भांडं.

मी हसते. खरं लिहू का — मले आवडते.

रविवार, १४ फेब्रुवारी

विहारात गेली. पाय दुखतात.

बुधवार, १७ फेब्रुवारी

सकाळी दहाले एक बाई आली. कोराडीहून, कंपनीच्या जीपमध्ये. प्रेमिला. सव्वीस वर्षांची. ढेकणाचं औषध. नवरा बळीराम तिथल्या वीजघरात राख काढणाऱ्या खात्यात आहे, तो ड्युटीवरून तसाच आलेला, भुवयासुद्धा राखेच्या. सोबत सासू, रुख्मिणी. सासू काही बोलायच्या आत मी तिले खांबामागं घेतलं. म्हटलं, घरात खोकला कोणाले आहे? म्हणे, मलेच. म्हटलं, झालं तं. तुमची बाटली समजून प्यायली. चुकून. तिनं माहा हात धरला. तिचे हात इतके थंड होते का माहे, कोण जाणे.

डॉक्टरनं विचारलं. सासूनं बरोबर सांगतलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. मी शिकवलेलं कोणी विसरत नाही.

काळी टिकली. एकशे तेरावी. मीच लावली.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

आज भिंतीनं मले धरलं.

छोट्या डॉक्टरनं शिवायचा दोरा आणला. ज्या बाया एकदा येऊन गेल्या अन् पुन्हा आल्या, त्यायच्या टिकल्या दोऱ्यानं जोडायच्या. पहिल्या टिकलीपासून दुसरीपर्यंत. तो नावं काढे, मी दोरा ओढी. मले वाटलं, लालपासून निघतील सारे दोरे. लालवाल्या पक्क्या, त्याच येतील परत.

उलटं झालं. सव्वीस दोरे झाले. चार लालपासून निघाले. बावीस काळ्यापासून!

तो खुर्चीवर उलटा बसला, हनुवटी खुर्चीच्या पाठीवर टेकवून, अन् पाहत राहिला. मग म्हणाला, "एकच बाई दोनदा चुकून पिते का हो, तुळसाबाई?"

मी म्हटलं, अंधार असते खेड्यात.

म्हणाला, "ह्या उमरेडच्या सत्यवतीच्या घरी तीन वेळा अंधार झाला?"

मी भांडी उचलून बाहेर आली. भांडी धुतलेलीच होती.

शनिवार, २० फेब्रुवारी

सत्यवतीचं लिहिते.

विणकराची बायको. पहिल्या खेपेले चुकून प्यायली. दुसऱ्या खेपेले स्टोव्ह. तिसऱ्या खेपेले पुन्हा चुकून. तिन्ही वेळा दारात मी होती. तिन्ही वेळा तिच्या नवऱ्याले, धोंडबाले, मीच खांबामागं घेतलं. तिसऱ्या खेपेले तं मले शिकवावं लागलं नाही, तोच म्हणाला, चुकून ना आजी? मी म्हटलं, हो, शहाणा आहेस. तिसऱ्या खेपेले ती पाचव्या दिवशी गेली. तिन्ही काळ्या, शेवटच्या काळीभोवती गोल. भिंतीवर दोरा कसा सरळ जाते तिचा, जसं मागावरचं सूत.

धोंडबानं त्या दिवाळीत मले लुगडं आणून दिलं. हातमागाचं, हिरवं, काठ तांबडा. म्हणाला, तुमच्यानं आमच्या घराची अब्रू राहिली. मी घडी मोडून पाहिलं, बाहेर जाऊन सगळ्यायले दाखवलं.

आज तेच नेसून कामावर गेली होती. सकाळी पेटीत वर तेच होतं. दुपारी ड्युटीच्या खोलीत झाडू माराले गेली, कागदासमोर वाकली, अन् माहाच काठ मले दिसला.

तशीच दिवसभर राहिली. दुसरं कुठून आणणार?

रविवार, २१ फेब्रुवारी

विहारात पंचशील म्हणताना चौथं आलं — मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही — अन् माहा आवाज बसला. पंचवीस वर्षं म्हणून राहिली, आज आवाज बसला. शेजारचीनं पाणी दिलं. पहिलं शील — जीव घेणार नाही — मी तसंही कधी मोठ्यानं म्हणत नाही.

सोमवार, २२ फेब्रुवारी

प्रेमिला अजून वार्डातच आहे. छातीत कफ भरला म्हणून ठेवली. आज तिचे केस विंचरले. गुंता असा की दोन दात तुटले फणीचे. म्हटलं, पोरी, डोकं आहे का सुगरणीचा खोपा? ती हसली नाही, पण मान सैल सोडली.

मी कारण विचारलं नाही. तीच बोलली. म्हणे, सारे कारण विचारतात. नवरा मारते का, सासू छळते का. कारण असतं तं मी भांडली असती, आजी. सकाळी उठून अंगण झाडते, राख पडते. दुपारी झाडते, राख पडते. कपडे वाळू घातले की राख. एक दिवस असं वाटलं का माह्या आतच पडून राहिली.

म्हटलं, बेबी आहे ना तुले? बेबी म्हणजे तिची पोट्टी, चार वर्षांची, सासूपाशी आहे.

मी वेणी घालून राहिली होती, तिचं तोंड मले दिसत नव्हतं. मग म्हणाली, हळू, जशी बाजाराची गोष्ट सांगावी तशी —

"तिची चिंता नाही. ह्या खेपेले मी एकटी नाही जाणार."

माह्या हातातून वेणी सुटली. पुन्हा घातली. रिबीन बांधली. भांडं उचललं. चालत दारापर्यंत आली. भिंतीले धरून बसली.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

छोट्या डॉक्टरले सांगाले गेली. तो लिहून राहिला होता. वर पाहिलं, म्हणाला, बोला. मी म्हटलं, फिनाइल संपलं आहे.

फिनाइल संपलं नव्हतं.

कसं सांगू? प्रेमिलाचं सांगितलं तं विचारन, चुकून प्यायली बाई असं काहून बोलन? मग खांब निघन. सासू निघन. मग सत्यवती निघन, एकाहत्तर काळ्या निघतील. तुळसाबाईले डोकं आहे म्हणणारा माणूस मले कसा पाहीन, ते मले आताच दिसून राहिलं.

लाजेपायी तोंड उघडत नाही. एका पोट्टीचा जीव एका पारड्यात अन् म्हातारीची लाज दुसऱ्या, अन् लाज जड भरून राहिली. थू!

बुधवार, २४ फेब्रुवारी

आजही नाही.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

शुक्रवारी प्रेमिलाले सोडणार. कागद तयार झाला. कांताबाई सिस्टरनं सांगतलं, चुकूनबाई, आठ नंबरची चादर उद्या काढून घ्या. मी म्हटलं, मले त्या नावानं हाक मारू नका. त्या पाहतच राहिल्या. म्हणे, आज काय झालं बाप्पा?

घरी माह्या पोराले, मार्तंडले, विचारलं. थोडंसंच सांगितलं. तो जेवून राहिला होता. म्हणाला, "माय, तू लोकायचं भलं केलं. आता तोंड उघडलं तं नोकरी जाईन, दोन वर्षं राहिली तुही. अन् ती पोरगी काही करणार नाही. बोलतात बाया." मग माह्याकडं पाहून म्हणाला, "तू कायले मनाले लावून घेतं? तू तं इंदूच्या मागं उडी मारणारी बाई. तुले कोण वाईट म्हणन?"

इंदू माही पोट्टी. मार्तंडच्या पाठची. चार वर्षांची होती. दीक्षेच्या आदल्या वर्षी, पंचावनले, मौद्याकडच्या आमच्या गावात विहिरीवर तिचा पाय घसरला, मी मागं उडी मारली, लोकायनं दोर टाकून मले काढलं, ती निघाली नाही. मार्तंड तेव्हा आठ वर्षांचा, आजीसोबत वावरात होता. सारं गाव हेच सांगते. अजून गेली का बाया आपल्या सुनायले दाखवतात — पाहा वं, माय अशी असते.

ताट उचलून ठेवलं.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

केलं.

सकाळी साडेनऊले बळीराम आला, आज आंघोळ करून, तेल लावून. सासू आली. सोबत बेबीलेही आणलं, आईले न्याले. नवा फ्रॉक. पोट्टी थेट खाटेवर चढून आईच्या मांडीवर बसली. प्रेमिलानं तिले पोटाशी धरलं अन् माह्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात काहीच नव्हतं. राग नाही, रडू नाही. झाडलेलं अंगण.

मी ड्युटीच्या खोलीत गेली. छोटा डॉक्टर सुटीच्या कागदावर सही कराले पेन शोधत होता. मग मी भिंतीपाशी गेली, एकशे तेरावी काळी नखानं खरवडून काढली. कागद थोडा फाटला. तिच्या जागी लाल लावली. थुंकी लावून लावली, खळ कुठं होती!

तो म्हणाला, हे काय? मी म्हटलं, ही चुकून नाही प्यायली. मी शिकवलं. अन् ती म्हणते, आता पोट्टीलेही घेऊन जाईन.

त्याले पेन सापडलं होतं, ते त्यानं खाली ठेवलं. विचारलं, "कधी म्हणाली?"

म्हटलं, सोमवारी.

"आज शुक्रवार आहे, तुळसाबाई."

एवढंच. मोठ्यानं नाही. मारलं असतं तं बरं होतं.

मग जे व्हायचं ते झालं. सुटी रद्द. खाट दारासमोर आणली. बेबीले आईच्या मांडीवरून काढलं तेव्हा पोट्टीनं असा हंबरडा फोडला का साऱ्या वार्डानं उठून पाहिलं. बळीराम भिंतीले टेकून खालीच बसला. अन् रुख्मिणीनं मले धरलं, भर वार्डात. "तूच तं सांगतलं होतं चुकून म्हणा म्हणून! अन् आता तूच आगलावी! तुले कीड लागन वं म्हातारे!" मी ऐकून घेतलं. तिचं काय चुकलं? सांगतलं मीच होतं.

प्रेमिला म्हणाली, "आजी, तू चुगली केली." अन् तोंड फिरवलं.

सोमवार, १ मार्च

छोट्या डॉक्टरनं मले खुर्ची दिली. त्याच्यासमोर. मी खाली बसते म्हटलं, तो नाही म्हणाला.

एकेक काळी टिकली घेतली. तो नाव वाचे, मी आठवून सांगे. ही? खांबामागं घेतली होती, लाल. ही? हिच्या भावाले मी शिकवलं, लाल. ही? ही खरंच चुकून, फल्लीतेलाच्या शिशीत औषध भरून ठेवलं होतं घरच्यायनं, काळीच राहू द्या. ही? आठवत नाही. आठवत नाही म्हणाची जास्त लाज वाटली. माणसाच्या जिवाची गोष्ट माह्या तोंडानं बदलली अन् मले तोंडही आठवत नाही.

एकोणचाळीस बदलल्या. लाल कमी पडल्या, दुपारी पुन्हा महालात गेली. दुकानदार म्हणे, आजी, भिंतीचं लग्न आहे का? मी पैसे मोजून निघाली.

सत्यवतीच्या तिन्ही मीच बदलल्या. तिसरीभोवतीचा गोल तसाच राहिला.

संध्याकाळी पाहिलं तं भिंतीले गोवर निघाला होता. तो म्हणाला, माझं आतापर्यंतचं काम फुकट गेलं. मग म्हणाला, नाही, आता कुठं सुरू झालं. पोलिसांचं काय करायचं ते मी अन् मोठे डॉक्टर बघतो. तुम्ही मला खरं द्या.

'तुम्ही' अजून म्हणते. मले ते सहन होत नाही.

गुरुवार, ४ मार्च

दारावरची ड्युटी काढली माही. मोठ्या डॉक्टरनं कागद दिला, मी पुरा वाचला. अडखळत वाचला, पण वाचला. 'गैरवर्तन' हा शब्द पहिल्यांदा वाचला. आता धुण्यावर. सोड्यानं हात सोलतात. नोकरी राहिली, ती छोट्या डॉक्टरच्या बोलण्यानं.

मार्तंड दोन दिवस बोलला नाही. आज म्हणाला, मिळालं समाधान? म्हटलं, नाही. खरंच नाही मिळालं. खरं बोललं की हलकं वाटते म्हणतात, ते कोणीतरी खोटं बोलणाऱ्यानं काढलं असन.

मंगळवार, ९ मार्च

प्रेमिला जेवून राहिली. सिस्टर सांगत होत्या, काल तिनं नवऱ्याले विचारलं, कोंबडीले दाणा टाकते का? डॉक्टर रोज अर्धा घंटा बसते. बळीरामले बोलावलं, सासूले बोलावलं. सासू पहिले भांडली, मग म्हणे रडली. बळीरामनं साहेबाले अर्ज केला, राखेपासून दूरच्या लाइनीत क्वार्टर द्या म्हणून. राखेचं त्यानं मनावर घेतलं! इतकी वर्षं भुवयावर घेऊन फिरला, आता मनावर घेतलं.

डॉक्टरनं तिच्या नावाचा वेगळा कागद केला आहे. रोज एक टिंब. झोप, जेवण, बोलणं पाहून टिंब वर नाही तं खाली. चार दिवस खाली होतं. मग वर. मग धपकन खाली, ज्या दिवशी बेबी येऊन गेली. मग पुन्हा वर, हळू. तो म्हणते, सरळ वर जाणाऱ्या रेघेवर माझा विश्वास नाही, ही अशी वाकडी खरी.

मी भिंतीआडून पाहते. आत जात नाही.

शुक्रवार, १२ मार्च

धुतलेल्या चादरी घेऊन वार्डात जावंच लागलं. प्रेमिलानं मले हाक मारली. आजी. मी थांबली. जवळ गेली नाही.

तिनं वेणी स्वतः घातली होती, वाकडी. म्हणाली, डॉक्टर म्हणतात तू वाचवलं. म्हटलं, चार दिवस गप्प बसली ते नाही सांगितलं का त्यायनं? म्हणे, तेही सांगितलं.

मग म्हणाली, "मी काहीच उघड बोलली नव्हती. सिस्टरनं ऐकलं असतं तं तिले वाटलं असतं, पोट्टीले माहेरी नेईन म्हणते. माह्या मायलेही तसंच वाटलं असतं. तुले एकदम कसं समजलं, आजी?"

माह्या हातात आठ चादरी होत्या. म्हटलं, ओल्या आहेत, वाळत घालाव्या लागतात.

ओल्या नव्हत्या. पुन्हा खोटं.

शनिवार, १३ मार्च

हिरवं लुगडं पेटीतून काढलं. जाळू म्हटलं, जाळवलं नाही. सुनेनं मागितलं, दिलं नाही. पुन्हा ठेवलं. अगदी खाली.

सोमवार, १५ मार्च

प्रेमिलाचं टिंब वर आहे. बेबी आज तिच्यापाशी बसली, सिस्टर समोर.

पाकिटात एक लाल उरली होती. कागद जिथं सुरू होते त्याच्याही डाव्या बाजूले, नुसत्या चुन्यावर, मी ती लावली. छोटा डॉक्टर म्हणाला, ही कोण? म्हटलं, मी. साल पंचावन. इंदूचा पाय घसरला नव्हता. माह्या कडेवर होती. मी एकटी नाही गेली.

मी विचारलं, अन् तिची टिकली कोणत्या रंगाची लावू?

त्याच्यापाशी रंग नव्हता.